पाकट आणि लाजवंती : दोघांचा एकच हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

राहात्याचा आणि समुद्राचा तसा काही संबंध नाही. आपल्याकडे पेरूच्या बागा आहेत, ऊस आहे, गोदावरीचा कालवा आहे. समुद्र मात्र रस्त्याने दोनशे किलोमीटरांच्या पलीकडे. घनदाट जंगलही जवळपास नाही. त्यामुळे आज ज्या दोन प्राण्यांविषयी बोलायचं आहे, त्यांतला एकही आपल्यापैकी बहुतेकांनी जिवंत पाहिलेला नसणार. पहिला आहे पाकट. अंग चपटं, दोन्ही बाजूंना पंखांसारखे पसरलेले पर आणि मागे चाबकासारखी लांब शेपटी असा हा समुद्री मासा. दुसरी आहे लाजवंती, म्हणजे रात्री झाडावर फिरणारं, मोठ्या डोळ्यांचं, मूठभर आकाराचं, लेमूरच्या नात्यातलं एक जनावर. आपल्या सुक्या बाजारात सुकट, बोंबील आणि वाकटी मिळते. त्यातली वाकटी आणि हा पाकट यांच्यात नावाच्या यमकाखेरीज काहीही सारखं नाही, एवढं आधीच सांगून टाकतो.

हे दोन्ही प्राणी आपल्या राज्यात एकाच जिल्ह्यात सापडतात. सिंधुदुर्गात मालवण-वेंगुर्ल्याच्या समुद्रात पाकट आहेत आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दोडामार्ग-तिलारीच्या झाडीत लाजवंती आहे. मध्ये एसटीचा दोन-अडीच तासांचा प्रवास. पण एक पाण्यात, एक झाडाच्या शेंड्यावर. मग यांची तुलना कशाला करायची, असं कुणीही विचारील.

उत्तर देण्याआधी मीच एक प्रश्न विचारतो. आपल्या आठवड्याच्या बाजारात धरणातला रोहू येतो. रोहू, पाकट आणि लाजवंती हे तिघं समोर ठेवले, तर यांतले जवळचे नातेवाईक दोन कोणते? शाळेतल्या मुलांपासून मास्तरांपर्यंत सगळे एकच उत्तर देतात : रोहू आणि पाकट, कारण दोघेही मासे. उत्तर चुकीचं आहे. रोहू हा पाकटापेक्षा लाजवंतीला जवळचा आहे. लाजवंतीला जवळचा म्हणजे तुम्हा-आम्हालाही जवळचा.

याचा पुरावा आपल्या ताटात असतो. रोहू खाताना आपण काट्यांच्या नावाने बोटं मोडतो. हे काटे म्हणजे खरीखुरी हाडं. पाकटाला हाडच नाही. त्याचा सगळा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीत किंवा नाकाच्या शेंड्याला जो लवचिक भाग असतो त्या पदार्थाचा. रोहूच्या पोटात हवेची पिशवी असते आणि ती व आपलं फुप्फुस एकाच मूळ अवयवाची दोन रूपं आहेत. पाकटाला अशी पिशवी नाही. त्याला तरंगायला मदत होते ती तेलाने भरलेल्या मोठ्या यकृताची. शार्क आणि पाकट यांची वाट आणि हाडवाल्या प्राण्यांची वाट चाळीस कोटी वर्षांहूनही आधी वेगळी झाली. त्या दुसऱ्या वाटेवर पुढे रोहू आला, बेडूक आला, गाय आली, लाजवंती आली आणि आपण आलो. 'मासा' हा शब्द बाजारासाठी ठीक आहे. नात्यागोत्याच्या दृष्टीने तो 'पाण्यात राहणारे' इतकंच सांगतो.

आता दोघांची नीट ओळख करून घेऊ. पाकटांच्या पुष्कळ जाती आहेत. मी त्यातली एक घेतो, ठिपकेवाला पाकट. काळसर-निळसर पाठीवर पांढरे ठिपके किंवा गोल कडी, पोट पांढरंशुभ्र, आणि तोंड बदकाच्या चोचीसारखं पुढे आलेलं. पर पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड-दोन मीटर सहज भरतो, आणि त्याहूनही मोठे सापडतात. इतर पुष्कळ पाकट तळाशी वाळूत पडून राहतात. हा मात्र घारीसारखा पर हलवत पाण्यातून उडतो, आणि कधी कधी पाण्याबाहेर उंच उसळी मारतो. त्याच्या तोंडात दातांऐवजी फरशीसारख्या सपाट पट्ट्या असतात. कालवं, शिंपले, खेकडे तो त्यांच्यात धरून फोडतो. अटलांटिक महासागरातली जात आणि आपल्याकडची जात एकच, असं २०१० पर्यंत मानत असत. त्या वर्षी त्या दोन वेगळ्या ठरल्या आणि आपल्याकडचीला १८२३ सालचं तिचं जुनं नाव परत मिळालं, एटोबॅटस ऑसेलॅटस.

पाकट म्हटलं की अनेकांना ऑस्ट्रेलियाचा प्राणिमित्र स्टीव्ह अर्विन आठवतो. ४ सप्टेंबर २००६ रोजी चित्रीकरण चालू असताना एका पाकटाचा काटा त्याच्या छातीत घुसला आणि तो गेला. त्या बातमीनंतर पाकट म्हणजे खुनी मासा अशी समजूत झाली. प्रत्यक्षात शेपटीच्या बुडाशी असलेला तो करवती, विषारी काटा केवळ बचावासाठी असतो. त्याने पाकट शिकार करत नाही. पाय पडला किंवा कोंडी झाली तर तो शेपटी फिरवतो. काटा लागलेला भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरला की वेदना पुष्कळ उतरतात, आणि मग दवाखाना गाठायचा.

लाजवंतीला इंग्रजीत लोरिस म्हणतात. वजन पाव किलोच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचा एक चांगला पोसलेला पेरू. हातपाय काडीसारखे, शेपूट जवळजवळ नाहीच, आणि चेहऱ्यावर दोन प्रचंड गोल डोळे. कर्नाटकात तिला काडुपापा म्हणतात, म्हणजे रानातलं बाळ. हे नाव मला लाजवंतीपेक्षाही नेमकं वाटतं. दिवसा ती फांद्यांच्या गचपणात गोळा होऊन झोपते आणि रात्री निघते. चाल इतकी संथ की पान हलत नाही. मुंग्या, किडे, बाकीचे प्राणी तोंडात घेऊन थुंकतील असे कडू-विषारी कीटकसुद्धा ती खाते. खालचे पुढचे दात कंगव्यासारखे पुढे झुकलेले असतात, त्यांनी ती अंगावरचे केस विंचरते. पायाच्या दुसऱ्या बोटाला नखाऐवजी एक टोकदार नखी असते, तीही साफसफाईसाठीच. कंगवा आणि नखी या दोन्ही खुणा मादागास्करच्या लेमूरमध्ये तशाच आहेत. म्हणून लेमूर आणि लाजवंती ही एका घराण्याची दोन घरं.

लेमूर या नावाची गोष्ट मजेदार आहे. प्राचीन रोममध्ये मेलेल्यांच्या भटकणाऱ्या भुतांना लेमुरेस म्हणत. प्राण्यांना दुहेरी लॅटिन नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५४ साली हे नाव एका प्राण्याला दिलं, कारण तो रात्री हिंडतो आणि भुतासारखा हळूहळू चालतो. तो प्राणी मादागास्करचा नव्हता. ती होती श्रीलंकेची लाजवंती, आपल्या लाजवंतीची सख्खी बहीण. म्हणजे जगातली पहिली 'लेमूर' लाजवंतीच. पुढे वर्गीकरण बदललं, नाव मादागास्करकडे गेलं आणि मूळ मालकीण लोरिस झाली.

मादागास्करला गेलेल्या या घराण्यात अगदी चिमुकल्या जाती आहेत. उंदीर-लेमूर म्हणून ओळखली जाणारी राखाडी जात साधारण साठ ग्रॅमची. मादाम बर्थ यांच्या नावाने ओळखली जाणारी जात तर तीस ग्रॅमची, म्हणजे लहान लिंबाएवढी. माणूस, वानर, माकडं आणि लेमूर या सगळ्या गणात तिच्याहून लहान ज्ञात प्राणी नाही. तिचं वर्णन २००० साली प्रसिद्ध झालं, आणि पश्चिम मादागास्करमधल्या ज्या कोरड्या जंगलात ती राहते ते झपाट्याने जळतं-तुटतं आहे, म्हणून ती अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे.

लेमूरचे भाऊबंद मादागास्करमध्येही आणि भारतातही कसे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ फिलिप स्लेटर याला पडला होता. १८६४ साली त्याने सुचवलं की हिंदी महासागरात पूर्वी एक खंड असला पाहिजे, जो पुढे बुडाला. त्याला त्याने नाव दिलं लेमुरिया. कल्पना इतकी आकर्षक होती की पुढे तिच्यावर नाना प्रकारच्या अद्भुत कथा रचल्या गेल्या. असा खंड नव्हताच. खंड बुडत नाहीत, सरकतात. भारत आणि मादागास्कर एकेकाळी चिकटलेले होते आणि सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी फाटले. पण तोवर लेमूर जन्मालाही आले नव्हते. त्यांचे पूर्वज नंतर आफ्रिकेकडून, बहुधा पुरात वाहून आलेल्या झाडोऱ्यावर बसून मादागास्करला पोचले.

इथे राहात्याचा संबंध येतो, आणि तो जमिनीखालून येतो. मादागास्करपासून सुटलेला भारत उत्तरेकडे सरकत असताना, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास इथे जमीन फाटून लाव्हा वाहिला. थरावर थर साचले. आपण विहीर खणतो तेव्हा मुरुमाखाली लागणारा काळा पाषाण तोच. दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात जागोजागी तळी झाली, गाळ साठला, त्यात प्राण्यांचे अवशेष अडकले आणि वरून पुढचा लाव्हा आला. राहात्याच्या खडकात नाही, पण याच लाव्हाच्या पूर्वेकडच्या कडेला, तेलंगणातल्या आसिफाबादजवळ, या मधल्या गाळात पाकटाचे दात सापडले आहेत. त्या जातीला इग्डाबॅटिस म्हणतात आणि ती मघाच्या ठिपकेवाल्या पाकटाच्या कुळातली आहे. याच लाव्हाच्या मधल्या गाळातून, तेलंगणातच नासकल इथून, भारतातला क्रिटेशस काळातला पहिला सस्तन प्राणी १९८८ साली जाहीर झाला. उंदराएवढा, झाडावर चढणारा. त्याचं नाव डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी. हिस्लॉप म्हणजे नागपूरचे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं तिथे कॉलेज आहे आणि ज्यांनी या गाळातले जीवाश्म आधी गोळा केले होते. हा प्राणी लेमूर नव्हे. पण फांदीवर राहणारा लहान सस्तन प्राणी आणि पाकट, दोघेही त्या काळी दख्खनच्या परिसरात होते, हे मला फार गमतीचं वाटतं.

खरी जोडी सापडली ती थोडी उत्तरेला, गुजरातेत. सुरत जिल्ह्यात वस्तान इथे लिग्नाइट कोळशाची खाण आहे. तिथल्या सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या थरात आदिम प्रायमेट प्राण्यांचे जबडे, दात आणि हातापायांची हाडं मिळाली. त्यांना एशियाडॅपिस, मार्कगॉडिनोशिअस अशी नावं मिळाली आहेत. आकाराने उंदरासारखी, झाडावर राहणारी, आणि लेमूर-लाजवंतीच्या मूळ पूर्वजाला अगदी जवळची अशी ही मंडळी. २०१६ साली त्यांच्या पंचवीस हाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा आतापर्यंत मिळालेल्या प्रायमेटांमध्ये ही सर्वांत आदिम बांध्याची असल्याचं मत मांडण्यात आलं. आणि त्याच खाणीत, त्याच थरांत, शार्क आणि पाकटांचे दात आहेत. म्हणजे किनाऱ्यावर दाट झाडी, झाडीत लाजवंतीचे पणजोबा, आणि समोरच्या उथळ पाण्यात पाकट. आज सिंधुदुर्गात जी दोन टोकं आहेत ती तेव्हा वस्तानला जवळजवळ चिकटून होती.

नातं असं दूरचं, मग सारखेपणा कुठे? एक गोष्ट डोळ्यांची. रात्री विजेरीचा झोत टाकला की लाजवंतीचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. नजरेच्या पडद्यामागे आरसा असतो. हुकलेला प्रकाश तो परत पडद्यावर फेकतो, म्हणून थोड्या उजेडातही दिसतं. असा आरसा शार्कच्या आणि अनेक पाकटांच्या डोळ्यांतही आहे. पण आरशाचा मालमसाला निराळा. शार्क-पाकटांमध्ये तो ग्वानीन नावाच्या पदार्थाच्या पापुद्र्यांचा असतो, तर लेमूरच्या घराण्यात रायबोफ्लेविनच्या स्फटिकांचा. रायबोफ्लेविन म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, डॉक्टर जे तोंड आलं की गोळीतून देतात ते. दोघांनी एकमेकांकडून काही घेतलेलं नाही. अंधार सारखा होता म्हणून उपाय सारखा निघाला.

विषाचंही तसंच. पाकटाचं शेपटीत आहे. लाजवंतीची ईशान्य भारतात राहणारी जाडी चुलत बहीण कोपराजवळच्या ग्रंथीतला स्राव चाटून लाळेत मिसळते, आणि मग तिचा चावा विषारी होतो. असं विष असणारे सस्तन प्राणी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

पण डोळे आणि विष या वरवरच्या गोष्टी झाल्या. मला खरं सांगायचं आहे ते पोटातलं.

रोहूची मादी पावसाळ्यात अंडी सोडते. किती? किलोभर वजनामागे दोन-तीन लाख. ती पाण्यात फळतात आणि आईबाप निघून जातात. त्यातली बहुतेक खाल्ली जातात, मरतात, पण लाखांतली चार उरली तरी धंदा बुडत नाही. पाकट असं काहीच करत नाही. नर-मादीचा समागम होतो, गर्भ आईच्या पोटात राहतो आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू बाहेर येतं. आत ते खातं काय? सुरुवातीला अंड्यातलं बलक. तो संपला की गर्भाशयाच्या आतल्या भिंतीवरच्या बोटांसारख्या झालरींतून एक दाट, पांढुरका, स्निग्ध आणि प्रथिनांनी भरलेला रस पाझरतो, आणि पिल्लू त्यावर वाढतं. शास्त्रज्ञ त्याला सरळ गर्भाशयातलं दूध म्हणतात. मासा आणि दूध! स्तन नाहीत, पण दूध आहे.

आता लाजवंती पाहा. ती सस्तन, तिला वार आहे. पण तिची वार माणसासारखी गर्भाशयाच्या भिंतीत खोल रुतत नाही, नुसती चिकटून बसते. लेमूरचंही तसंच. त्यामुळे गर्भाच्या पोषणात गर्भाशयाच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या रसाचा मोठा वाटा असतो आणि वारेवरच्या खास पिशव्या तो शोषून घेतात. आपल्यातल्या गायीवाल्यांना हे चटकन समजेल. गाय व्याली की जार पडण्याची आपण वाट पाहतो. तो जार बटणांसारख्या ठिकाणी धरलेला असतो, रुतलेला नसतो, आणि गाभण गाईच्या पोटातही असा रस असतोच. गोठ्यातली गाय, तिलारीची लाजवंती आणि मालवणचा पाकट, तिघींची पोटं या एका बाबतीत एकमेकींसारखी वागतात.

असं पोसायचं म्हटलं की संख्या आपोआप आटते. ठिपकेवाल्या पाकटाची मादी साधारण चार ते सहा वर्षांनी वयात येते, वर्षाच्या आसपास गर्भ वागवते आणि एका वेळी तिला बहुधा दोन-चार पिल्लं होतात. फार तर दहा. पाकटांमधला सर्वांत मोठा मांटा, त्याला तर एकच, आणि दोन बाळंतपणांत दोन-तीन वर्षांचं अंतर. जन्मताना पिल्लाचे पर गुंडाळलेले असतात आणि शेपटीचा काटा मऊ आवरणात असतो, म्हणजे आईला इजा होत नाही. बाहेर आलं की पर उलगडून ते पोहू लागतं.

लाजवंतीचा संसारही असाच. तिच्याच वजनाचा मोठा उंदीर घ्या. उंदरीण तीन आठवड्यांत आठ-दहा पिल्लं देते आणि पुन्हा तयार. लाजवंतीचा गर्भ साडेपाच महिने राहतो. होतं एक, पुष्कळदा जुळं. पहिले काही आठवडे ते आईच्या अंगाला चिकटून असतं. मग ती संध्याकाळी त्याला एका फांदीवर ठेवते, स्वतः रात्रभर चरायला जाते आणि परत येऊन उचलते. पाव किलोच्या जिवाने एवढा वेळ एका पिल्लाला द्यायचा, ही प्रायमेटांची रीत आहे. त्यातल्या त्यात घाई करतो तो उंदीर-लेमूर. दोन महिन्यांत दोन-तीन पिल्लं. म्हणजे साठ ग्रॅमचं ते लेमूर टनभराच्या मांट्यापेक्षा कितीतरी वेगाने आपली संख्या भरून काढू शकतं. आकार पाहून आपण उलटाच अंदाज केला असता.

आपल्या भागातल्या माणसाला हे उसाच्या भाषेत सांगता येईल. बांगडा, तारली, रोहू हे खोडव्यासारखे. कापले तरी बुडखा शिल्लक असला की पुन्हा फुटतात. पाकट आणि लाजवंती म्हणजे बांधावरची चिंच. एक तोडली की तिच्या जागी दुसरी धरायला निम्मं आयुष्य जातं. कापणीचा नियम खोडव्याचा आणि पीक चिंचेचं असेल, तर शेतकऱ्याचं काय होईल ते सांगायला नको.

समुद्रात नेमकं हेच चाललं आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. नियम चांगला आहे आणि पुष्कळ माशांना त्याचा फायदा होतो, कारण त्यांची विणीची वेळ साधारण तीच, आणि दोन महिने निवांत मिळाले की लाखोंनी अंडी सुटतात. वर्षभर गर्भ वागवणाऱ्या पाकटाला दोन महिन्यांची ही सुट्टी कितीशी पुरणार? उरलेले दहा महिने गाभण माद्या जाळ्यात येतच राहतात. पाकटासाठी मुद्दाम जाळं टाकणारे थोडे. तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात तो इतर माशांबरोबर येतो. आणि त्यात आणखी एक दुःखाची गोष्ट घडते. जाळ्यात सापडलेली गाभण मादी घाबरून अपुऱ्या दिवसांची पिल्लं टाकते. बोटीच्या फळीवर ती पडलेली दिसली की 'पाकट व्यालाय' असं वाटतं. तो जन्म नसतो, गर्भपात असतो. मादी पुन्हा पाण्यात सोडली तरी तिचं ते वर्ष फुकट गेलेलं असतं.

यात मच्छीमाराला दोष देण्यात अर्थ नाही. जाळं मासा निवडत नाही. दोष आहे तो सगळ्यांना एका 'मासा' या शब्दात कोंबणाऱ्या हिशेबाचा. लाजवंती दिसते तरी माकडासारखी, म्हणून तिच्याविषयी चटकन माया वाटते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला, तिला जागा आहे. कायदा १९७२ चा. त्या अनुसूचीत शार्क-पाकटांच्या जातींना जागा मिळाली ती २००१ साली. करवत मासे, गंगेतला पाकट, काटेरी पाकट, मोठा गिटार मासा अशा मोजक्याच दहा जाती. ठिपकेवाला पाकट त्या दहांत नव्हता. आंतरराष्ट्रीय यादीत मात्र तो धोक्यात आलेल्यांमध्ये गणला गेला आहे.

कायद्यात जागा मिळाली म्हणून लाजवंती सुखात आहे असंही नाही. तिला उडी मारता येत नाही. माकड या झाडावरून त्या झाडावर झेपावतं. लाजवंतीला फांदीला फांदी भिडलेली लागते. मधोमध एक रुंद रस्ता काढला किंवा जंगल तोडून रबराची नाहीतर अननसाची लागवड केली, की तिच्या दृष्टीने ते दोन देश झाले. मग ती जमिनीवर उतरते आणि गाडीखाली येते, किंवा विजेच्या तारेला फांदी समजून धरते. शिवाय अंधश्रद्धा आहेच. मांडुळाच्या व्यवहारात माणसं कशी फसतात हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. तशाच करणी-भानामतीच्या समजुतींपायी दक्षिणेत या मुक्या प्राण्याचे डोळे काढले गेले आहेत. चांगली बाजू अशी की २०२० साली तिलारीचं २९.५३ चौरस किलोमीटरचं जंगल संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं, आणि २०२२ साली तामिळनाडूने करूर आणि दिंडिगुल जिल्ह्यांत, कडवूर इथे, खास लाजवंतीसाठी ११,८०६ हेक्टरांचं अभयारण्य केलं. लाजवंतीचा प्रश्न सुटण्यासारखा आहे, कारण तिचं घर कुठे आहे ते दाखवता येतं आणि त्याला कुंपण नाही तरी हद्द घालता येते. पाकटाच्या घराला हद्द कशी घालणार? त्यासाठी जाळ्याच्या आसाचा आकार, गाभण मादी जिवंत सोडण्याची सवय, उथळ खाड्यांमधल्या पिल्लांच्या जागा राखणं, अशा बारीक गोष्टी धराव्या लागतात.

अशा विषयावर बोललो की आपल्याकडचा शेतकरी शेवटी हमखास एक प्रश्न विचारतो. शेततळ्यात रोहू-कटला होतो, मग पाकट का नाही? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रोहूसुद्धा बंद पाण्यात अंडी देत नव्हता. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुळ इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना कृत्रिमरीत्या अंडी द्यायला लावलं, आणि तेव्हापासून मत्स्यबीजाचा धंदा उभा राहिला. आज आपण पिशवीत हजारोंनी बोटुकली आणतो ती त्या इंजेक्शनची देणगी. पाकटावर हा उपाय चालत नाही. टोचून लाख अंडी सुटायला त्याच्या पोटात लाख अंडी नसतातच. दक्षिण अमेरिकेत गोड्या पाण्यातले पाकट आहेत आणि हौशी लोक ते काचेच्या टाकीत वाढवतातही, पण त्यांनाही एका वेळी होतात ती थोडीच पिल्लं, आणि तीही काही महिने पोटात वागवून.